कोरड्या कपड्यांतल्या वलथरे मॅडम

वलथरे मॅडमना पोहताना मी कधी पाहिलं नाही. सार्वजनिक जलतरण तलावाच्या त्या प्रमुख. अर्जुनीकडच्या धिवरांच्या, मासेमारांच्या घरात, पाण्याला लागून वाढलेल्या. तरुणपणी राज्याच्या स्पर्धा पोहून आलेल्या. तरीही ड्यूटीवर असताना त्यांच्या सलवारीची किनारसुद्धा ओली झालेली कोणी पाहिली नव्हती. गोंदियातल्या कित्येकांचा त्यांच्यावर राग होता तो याच एका गोष्टीसाठी. मला त्या आवडल्या त्याही याच गोष्टीसाठी.

परवा तलावावर गेले तर भिंतीवर त्यांचा मोठा फोटो. खाली सोनेरी अक्षरांत ‘आमचे आधारस्तंभ’, वर चंदनाचा हार. बाई जिवंत आहेत! निवृत्त होऊन गावी आहेत, तब्येत ठणठणीत आहे, फोनवर अजून दोन वाक्यांत माणसाला गप्प करतात. आणि हार कोणी घातला? ज्या समितीने त्यांना तलावावरून उचलून वाचनालयात नेऊन टाकलं, तिनेच. माझं डोकं सरकलं. मी पत्रकं लिहिणारी मुलगी, एका पानात मुद्दा संपवायची सवय. हा मुद्दा एका पानात संपत नाही.

आधी समितीबद्दल सांगते. शहरातली वजनदार माणसं. त्यांच्या ताब्यात तीन गोष्टी: जलतरण तलाव, त्याला भिंतीला भिंत लावून लग्नाचं लॉन, आणि रस्त्यापलीकडे वाचनालय. लॉनवर कमाई, तलावावर नाव, वाचनालयावर धूळ. आणि आमच्याकडे लग्नं उन्हाळ्यात, पोहणाऱ्यांची गर्दीही उन्हाळ्यातच. तलावावर पोरांची झुंबड उडाली की नेमकं त्याच महिन्यांत लॉनवर माणसं कमी पडायची. मग तलावाच्या दोन जीवरक्षकांपैकी एक, विक्की, भिंतीपलीकडे खुर्च्या लावायला जायचा. जीव वाचवायला नेमलेला पोरगा लाल टी-शर्टात वऱ्हाडाला सरबत वाटायचा, आणि समितीतल्या एकालाही त्यात काही गैर दिसायचं नाही. ‘एक गार्ड तर आहे ना,’ म्हणायचे. मॅडमची सगळी लढाई त्या दुसऱ्या गार्डसाठी होती.

आमची पहिली भेट गेटवर झाली. आदिवासी वसतिगृहातल्या मुलींना तलाव मोकळा करा, म्हणून आम्ही घोषणा देत होतो. ‘पाणी कोणाच्या बापाचं नाही!’ माझीच घोषणा. मॅडम बाहेर आल्या. काळा गॉगल, गळ्यात शिट्टी, हाताची घडी. घसा बसेपर्यंत आम्हाला ओरडू दिलं. मग मला म्हणाल्या, “आवाज चांगला आहे वो. पोहता येते काय?”

“मला नाही. पण मुलींना येतं. चिचगडकडच्या आहेत, तलावात वाढल्या.”

“त्याचंच तर भेव आहे.”

मला वाटलं, टाळताहेत. मी म्हटलं, “म्हणजे पोहता येणारीला आत घेणार नाही? हा कुठला न्याय?”

“ज्याले पोहता येते तोच उडी मारते, बाई. आन् तोच मरते.” मग हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात सांगितलं, “आमच्या गावी एका माणसाले वाचवाले तिघं उतरले. तिघंही पट्टीचे. पहिला आपला गाळात पाय रोवून निघून आला, ते तिघं राहिले. पहिला अजून आहे. लग्नात भेटते. आयेर करते.”

मॅडमनी भिंतीपलीकडे बोट दाखवलं. तिथे विक्की खुर्च्यांवर पांढरी कव्हरं चढवत होता. “तो पोरगा इकडं आणून द्या, मी उद्या सकाळी तुमच्या पोरींसाठी पाणी उघडते. घोषणा द्यायच्याच असन तर तिकडं तोंड करून द्या.”

आम्ही तिकडे तोंड केलं. मांडवात हळद चालू होती. ‘लग्नाला गार्ड कशाला? नवरदेव बुडतो काय?’ ही नवी घोषणा जागीच तयार झाली. नवरीच्या मामाने समितीला फोन लावला, समितीची अब्रू गेली, आणि मुलींच्या बॅचपुरता विक्की परत आला. मॅडमनी आभार मानले नाहीत. मुलींची तेवढी रांग लावली.

त्या शिकवायच्या ते पोहणं नव्हे. पोहणं मुकेश शिकवायचा, तो पहिला गार्ड. मॅडम शिकवायच्या बसणं. तुम्ही म्हणाल, बसणं काय शिकवायचं? ऐका. त्या गुपचूप कोणाला तरी ‘आजचा बुडणारा’ नेमायच्या. कधी बॅचच्या सुरुवातीला, कधी सगळे टॉवेल शोधत असताना. तो माणूस बुडायचं नाटक करायचा. शिट्टी वाजली की नियम एक: मॅडम ज्याचं नाव घेतील तोच हलेल. बाकीच्यांनी काठावर यायचं आणि स्वतःचे तळहात मांडीखाली दाबून बसायचं.

पहिल्या दिवशी वसतिगृहातली सरिता बुडाली. म्हणजे उलटी होऊन तरंगायला लागली. शिट्टी वाजली न वाजली तोच बाकीच्या सगळ्या पोरींनी धडाधड उड्या घेतल्या. सरिताला एकीने केसाला धरलं, दुसरीने पायाला. ती खरीच पाणी प्यायली.

“मेल्या!” मॅडम खुशीत ओरडल्या. “सगळ्याच्या सगळ्या मेल्या! एक वाचली असती, आता वसतिगृहच बंद करा म्हणा.”

एक पोरगी रडायलाच लागली. “मॅडम, ती मरून राहिली न् आम्ही हात दाबून बसून राहू काय?”

“हो. उडी मारणं सोपं आहे, ते तुमच्या अंगातच आहे. बसणं कठीण आहे. कायले शिकवून राहिली मग मी?”

आमच्या तलावांच्या मुलखात हे कोणी ऐकून घेत नाही. इथे कोणी बुडालं की अख्खं गाव उतरतं, आणि त्यालाच माणुसकी म्हणतात. वर आल्यावर माणसाला पायाला धरून उलटं टांगतात, गरगर फिरवतात, पोट दाबतात. श्वासाचं कोणाला सुचत नाही. मॅडमनी त्यासाठी धानाच्या कोंड्याने भरलेलं एक पोतं ठेवलं होतं. त्यावर कोळशाने डोळे-मिशा काढलेल्या. पोरींनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. जावईबापूची छाती दाबायची, जोरात, मोठ्याने मोजत, मधेमधे तोंडाने श्वास. कोणी लाजत दाबलं की मॅडम म्हणायच्या, “अशी कुरवाळून राहिली तर जावई घरीच राहीन, उठणार नाही.”

तलावावर रोज सकाळी येणारे एक राइस मिलवाले शेठ होते. पोतं त्यांच्याच मिलमधलं, पण तक्रारही त्यांचीच. “मॅडम, हम यहाँ आराम के लिए आते हैं. आप रोज किसी ना किसी को मार देते हो.”

“आज कोणी खरं मेलं काय जी शेठ?”

“नहीं तो.”

“मग करा ना आराम.”

बाई गोड नव्हत्या, हे आत्ताच लिहून ठेवते. त्यांना सॉरी म्हणता येत नसे. मुकेशला चारचौघांत झापायच्या. गॉगलचा भारी तोरा. स्वतःच्या जुन्या पदकांचा विषय स्वतःच काढायच्या आणि आपण कौतुक करायला लागलो की म्हणायच्या, ‘कळते काय तुले त्यातलं?’ हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे आणायच्या. ते फक्त आवडत्यांना मिळायचे आणि आवडते दर आठवड्याला बदलायचे. मला दोन हिवाळ्यांत एकदाच मिळाले, तेही किडके.

आणि त्यांचं ते मागचं गेट! तलावाला मागून एक रुंद गेट होतं, अँब्युलन्स आत यावी म्हणून. सगळं गाव तिथे गाड्या लावायचं. मॅडमनी पाट्या लावल्या, विनंत्या केल्या, आणि मग एका सकाळी हातात खिळा घेऊन ओळीने सगळ्या स्कूटरींची हवा सोडली. समितीच्या अध्यक्षांच्या मेहुण्याचीही. मेहुणा ओला-चिंब धावत आला. “मॅडम, हे काय केलं? मी घरी कसा जाऊ?”

“गाडीची हवा पंपावर भरून भेटते,” मॅडम म्हणाल्या. “ढकला आता.”

त्यानंतर स्कूटरी हटल्या. लॉनवाल्यांचे ट्रक हटले नाहीत. ते समितीच्याच कामावरचे.

आणि मग राव अंकलचा दिवस आला. राव अंकल रेल्वेतून निवृत्त झालेले, सकाळी संथ पाठीवर पोहायचे आणि पोहता-पोहता जुनी गाणी म्हणायचे. त्या सकाळी लॉनवर मोठं लग्न. मुलींची बॅच सुरू व्हायची होती, तोवर विक्की पलीकडे. मागच्या गेटसमोर मंडपवाल्याचा ट्रक आडवा, ड्रायव्हर चहाला. मी मुलींना घेऊन आले होते आणि काठावर बसले होते. गाणं मधेच थांबलं. मला ते कळलंसुद्धा नाही. मॅडमना कळलं.

शिट्टी. “मुकेश, आत!” मुकेशने उडी घेतली. अंकल खोल बाजूला तोंड खाली करून पडले होते.

लोकांना वाटलं, रोजचंच नाटक. मग मुकेशने त्यांचं तोंड वर केलं आणि तो निळा चेहरा सगळ्यांनी पाहिला. आता तलावात हलकल्लोळ. माणसं उड्या मारायच्या बेतात. मॅडमचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. “बसा! हात दाबा! जो उतरीन त्याले मी बुडवीन! सरिता, इकडं ये, छाती तुझी. तू,” माझ्याकडे बोट, “फोन लाव. मागचं गेट म्हणून सांग, पुढचं नाही. शेठ!”

शेठ पाण्यातून निघून काठावर उभे होते. “मॅडम, आप खडी क्यों हो? कूदो ना! कूदो!”

“शेठ, ट्रक हटवा!”

“मैं?”

“तुमचे ट्रक नाहीत काय मिलमध्ये? चालवता येते ना? पळा!”

आणि मिलचे मालक, चड्डीवर, उघड्या अंगाने, पाणी ठिबकवत रस्त्यावर पळाले. ट्रकला चावी तशीच होती. आम्हाला आतून फक्त हॉर्न, गिअरचा खरखराट आणि मंडपवाल्याची आरडाओरड ऐकू आली. इकडे सरिता गुडघ्यांवर, हात ताठ, मोठमोठ्याने मोजत होती. तिचा आवाज फाटत होता पण हात थांबत नव्हते. दमली तशी मॅडमनी दुसरीचं नाव घेतलं. मग मुकेशचं. मग परत सरिताचं. स्वतः उभ्या. एक हात कमरेवर, नजर सगळ्यांवर. अंकलनी पाणी ओकलं तेव्हा अँब्युलन्स गेटातून आत येत होती.

अंकल वाचले. अजून आहेत. पाठीवर पोहत नाहीत, गाणी मात्र म्हणतात.

संध्याकाळी व्हिडिओ फिरायला लागला. कोणा शूराने काठावर बसून काढलेला. त्यात सरिता नव्हती, शेठ नव्हते, ट्रक नव्हता. होत्या फक्त वलथरे मॅडम, गॉगल लावून, कमरेवर हात ठेवून उभ्या. वर लिहिलेलं, ‘बुजुर्ग डूबते रहे, मैडम खड़ी रही.’ सगळं शहर थुंकलं. ‘एवढी पोहणारी बाई, कपडे ओले होतील म्हणून भ्यायली.’ समितीला निमित्तच पाहिजे होतं. चौकशी लागली.

चौकशी उघडी होती, म्हणजे आम्ही घुसलो होतो. अध्यक्षांनी घसा साफ केला. “वलथरे मॅडम, लोकांचा एकच प्रश्न आहे. तुम्ही उडी का नाही मारली?”

“मारली असती तर तुमाले आवडलं असतं. व्हिडिओही चांगला आला असता. अंकल मेले असते.”

“हे काय बोलणं झालं?”

“पाण्यात उतरलं का एकच माणूस दिसते जी. काठावरून ट्रकही दिसते. तो ट्रक कोणाचा होता, मी विचारू का तुमी विचारता?”

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास उचलला. कोणीतरी म्हणालं, साक्षीला राव अंकलना बोलवा. अंकल काठी टेकत आले. “मला काय विचारता? मी तर तेव्हा गेलेलो होतो. काठावरच्यांना विचारा.” शेठ मात्र उठले आणि म्हणाले, “साहब, ये औरत कूदती तो मैं ट्रक नहीं हटाता. मैं भी कूदता. सब कूदते.” या माणसाने मॅडमविरुद्ध सर्वांत जास्त तक्रारी केल्या होत्या. मी त्या दिवशी शेठना माफ केलं, मिलच्या धुराचं सोडून.

निकाल? निकाल ठरलेलाच होता. मॅडम वाचनालयात. तलावाला नवा मॅनेजर, लॉनवरूनच आणलेला. दुसऱ्या गार्डविषयी एक शब्द नाही.

मी रात्रीतून पत्रक लिहिलं: ‘वलथरे मॅडमचा अपमान सहन करणार नाही!’ वाचनालयात नेऊन दाखवलं. तिथे त्या पोचल्या पोचल्या कपाटं सरकवत होत्या, कारण मागच्या दारासमोर जुन्या वर्तमानपत्रांचा डोंगर रचलेला. वाचक म्हाताऱ्यांना विचारत होत्या, “आग लागली तर कोन्त्या दारानं पळसाल, आजोबा?” आजोबा शब्दकोडं सोडवत म्हणाले, “मी नाही पळत, माझं कोडं अर्धं आहे.”

मॅडमनी माझं पत्रक वाचलं आणि परत दिलं. “अपमान माझा आहे ना? मग तो मी पाहून घेईन. तुले कायले त्रास? दोन गार्ड पायजे, एवढं लिही. बाकी सगळं काट.”

“पण तुमच्यावर अन्याय झाला, मॅडम.”

“मी बुडून राहिली काय?” त्यांनी कपाटाला खांदा लावला. “लाव हात.”

मी बाकी सगळं काटलं. जन्मात लिहिलेलं माझं सर्वांत लहान पत्रक ते. आम्ही ते गावभर वाटलं, पण त्याने काही हललं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात समितीने पोहण्याचं शिबिर जाहीर केलं. झेंडूच्या माळा, फ्लेक्स, हसणारे अध्यक्ष. तिकीट खिडकीसमोर बायकांची लांबच लांब रांग, प्रत्येकीच्या हाताला टोपी घातलेलं एकेक पोरगं. शेठही नातवाला घेऊन होते. मी पिशवीत नव्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन, कुठून सुरुवात करावी या विचारात. आणि रांगेत, टॉवेल खांद्यावर टाकून, वलथरे मॅडम.

त्या पुढे घुसल्या नाहीत. नंबर येईपर्यंत उभ्या राहिल्या. खिडकीशी आल्यावर विचारलं, “आज पाण्यावर कोण कोण आहे?”

“मुकेश आहे ना, मॅडम.”

“आन् विक्की?”

“तो लॉनवर आहे. रिसेप्शन आहे आज.”

“मग माझं तिकीट राहू दे.” आणि त्या बाजूला झाल्या. तेवढंच.

मागची बाई बावचळली. कडेवर एक तान्हं, हाताला एक पोरगा. “काऊन जी मॅडम, का झालं?”

“काही नाही. एका गार्डावर मी नाही जात बाप्पा. तुमचं तुमी पाहा.”

बाईने पोराकडे पाहिलं. पोराने पाण्याकडे. नवा मॅनेजर धावत बाहेर आला. “मॅडम, लोकांना भडकवू नका. तुमचा आता तलावाशी संबंध नाही.”

“नाहीच ना. मी वाचनालयातली बाई. तिकीट घ्यायले आली होती, नाही घेतलं. त्याचाही गुन्हा आहे काय?”

तेवढ्यात त्या बाईने कडेवरचं तान्हं उचलून मॅडमच्या हातात दिलं. “धरा जरा.” आणि मोकळ्या हाताने खिडकीची फळी वाजवायला लागली. “ओ भाऊ! एक कायले? पोट्टे एवढे न् एकच माणूस? दुसरा कुठं गेला?” मागून दुसरी, तिसरी. “हमारे बच्चे क्या कुर्सी हैं, गिन के छोड़ दिए?” शेठ ओरडले, “विक्की को बुलाओ पहले! फिर टिकट काटो!” खिडकी बंद झाली. बायका हटल्या नाहीत. उन्हात, डोक्यावर पदर-ओढण्या घेऊन, पोरांना सावलीत उभं करून त्या खिडकी वाजवत राहिल्या. मी पिशवीची गाठ सोडलीच नाही. माझ्या एकाही घोषणेची तिथे गरज नव्हती.

मॅडम मागे उभ्या होत्या, कडेवर परकं पोर घेऊन, गप्प. त्या गप्प राहू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. पोराने त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल तोंडात घातला होता. तो काढून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. त्या खिडकीकडे नाही, बायकांकडे पाहत होत्या.

शेवटी लॉनच्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून विक्की आला. हातात लग्नाची खुर्ची तशीच. ती त्याने पाण्याच्या खोल बाजूला ठेवली आणि वर बसला. समोरच्या टोकाला मुकेश. त्या बाईने जाळीतून दोघांनाही बोटाने मोजून घेतलं, मग तिकीट मागितलं, मग आठवलं तशी आपलं तान्हं घ्यायला परत आली.

“उद्याबी विचारजो बाई,” मॅडम पोर तिच्या हातात देत म्हणाल्या. “मी काही रोज लायनीत उभी राहत नाही.”

आणि ओला झालेला टॉवेल झटकून, रस्ता ओलांडून वाचनालयाकडे गेल्या.